बाही

ज्युदोचा ड्रेस आधी उजव्या बाहीवर विरतो. कोपराच्या जरा खाली, बाहेरच्या अंगाला, तळहात मावेल एवढ्या जागेत. बाकीचं कापड अजून जाडजूड असतं, तांदळाचे दाणे ओळीने मांडावेत तशी त्याची वीण बोटांना टोचते, आणि तेवढा एकच तुकडा मऊ पडलेला असतो. दाणे चपटलेले, धागे पिंजलेले. कारण साधं आहे. बहुतेक माणसं उजव्या हाताची असतात, आणि ज्युदोत उजव्या हाताचा माणूस समोरच्याची उजवी बाही आपल्या डाव्या मुठीत धरतो. सात वर्षांत माझ्या या बाहीला किती मुठी लागल्या असतील याची मोजदाद नाही. वर्षाकाठी एकदा मी आतून जुन्या ड्रेसचा तुकडा लावते आणि दुहेरी दोऱ्याने ती शिवून काढते. अंगुस्तान घातल्याशिवाय सुई आरपार जात नाही.

परवा अशीच शिवायला बसले होते. शेजारी बसलेली नात्यातली एक बाई कौतुकाने म्हणाली, "बरंय हो, आता तुझ्या वाटेला कुणी जायचं नाही." लोक हे प्रेमाने म्हणतात. पण सात वर्षांत मी काय शिकले असं कुणी विचारलं तर माझं उत्तर त्या वाक्याच्या आसपासही नसेल. मी शिकले ते या तळहाताएवढ्या कापडापाशी. दुसऱ्याची बाही कशी धरायची, आणि किती वेळ धरून ठेवायची.

क्लासला जायला लागले तेव्हा मी 36 वर्षांची होते. पहिले दोन महिने आम्हां नव्यांना एकही डाव शिकवला गेला नाही. फक्त पडायला शिकवलं. आधी मॅटवर आडवं होऊनच हात आपटायचे, मग उकिडवं बसून मागे पडायचं, मग उभ्याने, मग उजव्या कुशीवर, डाव्या कुशीवर, आणि शेवटी खांद्यावरून तिरपी गोलांटी घेत पुढे. याला उकेमी म्हणतात. एका तासात साठ-सत्तर वेळा पडून उठायचं. दुसऱ्या दिवशी मान इतकी धरायची की गादीवरून उठताना डोकं दोन्ही हातांनी उचलावं लागायचं.

मान का धरते? कारण पडताना डोकं उचलून धरावं लागतं. सर एका टोकाला उभे राहून एकच गोष्ट ओरडत असत, "गाठीकडे बघ! गाठीकडे बघ!" गाठ म्हणजे आपल्याच कमरेच्या पट्ट्याची. 'हनुवटी छातीला लाव' असं सांगितलं तर नवा माणूस पडता पडता हनुवटी शोधत बसतो. नजर गाठीवर ठेवली की हनुवटी आपसूक आत येते आणि डोक्याची मागची बाजू मॅटला लागत नाही. आणि हात. पडणारं कुठलंही माणूस आधी हात टेकवायला बघतं, ती उपजत खोड आहे, आणि त्याच खोडीपायी मनगट जातं, कोपर जातं, नाहीतर कॉलरबोन. म्हणून खांद्यापासून बोटांपर्यंतचा अख्खा हात, तळवा खाली, पाठ टेकायच्या क्षणीच मॅटवर आपटायचा. हात, कूस, पाठ असं जेवढं जास्त अंग एकदम टेकेल तेवढा मार वाटला जातो. नीट जमलं की 'फाट्' असा कोरडा, मोकळा आवाज येतो. आता मी दुसरीकडे बघत असले तरी त्या आवाजावरून कोण नीट पडलं ते सांगू शकते.

आमच्यात एक तरुण होता, जिममध्ये कमावलेलं अंग, वागायला अतिशय सभ्य. त्याला हे जमेना. त्याचा देह पडायला तयारच व्हायचा नाही. कुणी ओढलं की तो लाकडासारखा ताठ व्हायचा, आणि ताठ माणूस पडतो तेव्हा झाड पडल्यासारखा पडतो. सरांनी त्याला लहान मुलांच्या रांगेत बसवलं, गुडघ्यावरून पडायला लावलं, त्याच्याबरोबर स्वतः शंभर वेळा पडले. तिसऱ्या महिन्यात तो यायचा बंद झाला. मला आजही वाटतं, आणखी पंधरा दिवस थांबला असता तर त्याला सापडलं असतं. पण सापडायच्या जरा आधी माणसं सोडून जातात, असं या सात वर्षांत मी पुष्कळदा पाहिलं.

आणि एक आठ वर्षांचा मुलगा होता, त्याला अंगाला हात लावलेला सहन होत नसे. कुणी कपडा धरला की तो डोळे घट्ट मिटून घ्यायचा. का, ते कुणी विचारलं नाही. सरांनी एक जुना पट्टा आणला, एक टोक त्याच्या हातात, दुसरं जोडीदाराच्या हातात. दोघांनी तेवढ्या अंतरावरून एकमेकांना ओढायचं, मॅटभर फिरायचं. दर आठवड्याला पट्टा थोडा थोडा गुंडाळून आखूड होत गेला. एका संध्याकाळी मी पाहिलं, पट्टा खाली पडला होता आणि त्या मुलाने समोरच्या मुलीची बाही धरली होती. तिने त्याची धरली होती. दोघं फिरतच होते. सर पाठ करून उभे होते, मुद्दाम.

ज्युदोत फेकणाऱ्याला तोरी म्हणतात आणि जो फेकला जातो त्याला उके. जोडीने सराव करताना उके आपलं शरीर तोरीला वापरायला देतो. दहा वेळा तो देतो, मग दहा वेळा तोरी देतो. आमच्या बॅचमधली एक कॉलेजातली मुलगी सुरुवातीला दर वेळी फेकून झाल्यावर 'सॉरी' म्हणायची. फेकलं, सॉरी. फेकलं, सॉरी. सरांनी एकदा तिला थांबवलं.

"सॉरी कशाबद्दल म्हणतेस?"

"सर, लागलं असेल तिला."

"मग सॉरी नको म्हणू. बाही धर."

आणि मग त्यांनी आम्हां सगळ्यांना गोल बसवून तो डावा हात शिकवला. जपानीत त्याला 'हिकिते' म्हणतात, ओढणारा हात. उजवा हात समोरच्याच्या छातीजवळची पट्टी धरतो, तो 'त्सुरिते', उचलणारा. बघणाऱ्याचं सगळं लक्ष उजव्या हाताकडे, कमरेकडे, पायाकडे असतं. डाव्या हाताचं काम कुणाला दिसत नाही. आधी तो समोरच्याचा तोल मोडतो. मग समोरचा हवेत असताना त्याला वळवतो. आणि शेवटी, पाठ मॅटला टेकायच्या क्षणी, तो वर ओढतो. त्या ओढीमुळे पडणाऱ्याचं अंग तिरपं न होता पाठीवर येतं, खांद्याचं टोक आधी टेकत नाही, डोकं वर राहतं, आणि त्याचा दुसरा हात मॅटवर आपटायला मोकळा मिळतो. पकड अंगठा आणि तर्जनीची नसते. जोर असतो करंगळीत आणि अनामिकेत. जुन्या खेळाडूंच्या बोटांच्या पेरांवर चिकटपट्ट्या दिसतात त्या यामुळेच.

स्पर्धेचा नियमही हेच सांगतो. पूर्ण गुण, म्हणजे 'इप्पोन', नुसतं जोरात आणि वेगाने पाठीवर आपटून मिळत नाही. समोरचा जमिनीवर येईपर्यंत तुमचं त्याच्यावर नियंत्रण असावं लागतं. फेकून दिलं आणि हात सोडला तर तो डाव अपुरा. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी फार वेळ त्याचाच विचार करत राहिले होते. जिंकण्याच्या नियमातच समोरच्याची काळजी लिहून ठेवलेली.

आमच्या मॅटच्या समोरच्या भिंतीवर दोन फोटो आहेत. आत येताना आणि जाताना आम्ही त्यांच्याकडे तोंड करून वाकतो. पहिला जिगोरो कानो यांचा. 1860 चा जन्म, अंगाने किरकोळ, शाळेत दांडग्या मुलांचा मार खाल्लेले. 1877 मध्ये ते फुकुदा हाचिनोसुके यांच्याकडे जुजुत्सू, म्हणजे जपानची जुनी झुंजकला, शिकायला गेले. हा डाव कसा झाला, हात कुठे होता, पाय कुठे होता असं विचारलं की गुरू उत्तर न देता त्यांना पुन्हा फेकत, अशी आठवण सांगतात. कानो पुढे शिक्षकच झाले, टोकियोतल्या शिक्षक घडवणाऱ्या मोठ्या विद्यालयाचे कितीतरी वर्षं मुख्याध्यापक होते. मला वाटतं म्हणूनच त्यांनी उत्तरं द्यायची ठरवली. 1882 मध्ये एइशोजी नावाच्या देवळात 12 चटयांच्या जागेत आणि 9 विद्यार्थ्यांवर त्यांनी स्वतःची शाळा सुरू केली, तीच कोदोकान. जुन्या जुजुत्सूमधले हाडं मोडणारे, जिवावर बेतणारे प्रकार त्यांनी मोकळ्या सरावातून काढून टाकले. गंमत अशी की त्यामुळे सराव सौम्य झाला नाही, उलट दोघांना सगळा जीव ओतून एकमेकांशी झुंजता येऊ लागलं. उद्या तोच जोडीदार धडधाकट परत येणार असेल तरच आज त्याच्यावर पूर्ण जोर लावता येतो. कानोंनी शेवटी जी दोन तत्त्वं मांडली त्यांतलं एक 'जिता क्योएई', आपण आणि दुसरा, दोघांचीही भरभराट. हे तत्त्व भिंतीवर लावायला सोपं आहे. मॅटवर ते एका मुठीत असतं.

दुसरा फोटो केइको फुकुदा यांचा. कानोंच्या त्याच गुरूंची ही नात. उंची पाच फुटांच्या आत. 1935 मध्ये त्या कोदोकानच्या महिला विभागात दाखल झाल्या. 'दान' म्हणजे काळ्या पट्ट्यातली श्रेणी; बायकांना पाचव्या दानच्या वर चढवायचं नाही अशी तेव्हा रीत होती. सहावं दान त्यांना मिळालं ते 1972 मध्ये. पुढे अमेरिकेत त्यांनी आयुष्यभर शिकवलं, 2006 मध्ये कोदोकानने नववं दान दिलं, 2011 मध्ये अमेरिकेच्या ज्युदो संघटनेने दहावं. 2013 मध्ये त्या गेल्या तेव्हा 99 वर्षांच्या होत्या. सर नव्या मुलींना तो फोटो मुद्दाम दाखवतात, पण पट्ट्याची आणि दानची गोष्ट ते दोन वाक्यांत उरकतात. (पांढरा पट्टा मळून मळून काळा होतो ही गोष्ट मात्र ते कुणाला सांगू देत नाहीत. ती खरी नाही. आणि मधले रंग पुढे युरोपात रुळले, असं ते सांगतात.) ते जास्त सांगतात ते फुकुदाबाईंच्या 'जू नो काता'बद्दल. ठरलेल्या हालचालींचा हा एक क्रम आहे, त्यात कपडा पकडावा लागत नाही, तो साध्या कपड्यांतही करता येतो. आणि त्यात डाव पूर्ण करत नाहीत. जोडीदाराला पाठीवर, कमरेवर उचलून घेतात, तो वर असेपर्यंत तोलून धरतात आणि मग अलगद त्याच्या पायांवर परत ठेवतात. त्याची एक जुनी फिल्म सरांनी आम्हांला दाखवली होती. परत ठेवायची ती हालचाल बघताना माझ्या घशाशी आलं होतं, का ते तेव्हा कळलं नव्हतं.

आमच्या क्लासमध्ये एक काका येतात. पन्नाशीपुढचे. त्यांना जवळपास दिसत नाही, उजेड-अंधार आणि हलणारे आकार तेवढे कळतात. ज्युदो हा पॅरालिम्पिकमध्ये फक्त दृष्टिबाधित खेळाडूंसाठीच असतो, पुरुषांचा 1988 पासून, महिलांचा 2004 पासून. 2024 मध्ये पॅरिसला कपिल परमार यांनी भारताला त्यातलं पहिलं पदक मिळवून दिलं, त्या दिवशी काकांनी आम्हां सगळ्यांना फोन केले होते. तिथे नियमात एकच मोठा फरक असतो. दोघांनी एकमेकांची बाही आणि पट्टी आधीच धरलेली असते आणि मगच कुस्ती सुरू होते. पकड सुटली तर पंच थांबवतात, दोघांना मध्यावर आणतात, पुन्हा धरायला लावतात.

काकांशी पहिल्यांदा खेळले तेव्हा मी त्यांना सांभाळून घेत होते. अर्ध्या मिनिटात पाठीवर होते. ते हसून म्हणाले, "अगं, तू डावा पाय टाकायच्या आधी तुझा उजवा खांदा सांगतो मला." बाहीतून सगळं कळतं त्यांना. समोरचा दमलाय का, घाबरलाय का, श्वास कुठे अडकलाय, मन कुठे आहे. मी हे अतिशयोक्तीने लिहीत नाही. मी स्वतः डोळे मिटून महिनाभर सराव केला तेव्हा मलाही त्यातलं थोडं कळायला लागलं. डोळ्यांना दिसायच्या आधी हाताला लागतं.

आता जे सांगायचं आहे ते मी टाळत होते.

माझ्याच आठवड्यात क्लासला आलेली एक मैत्रीण आहे. आम्ही दोघी एकत्र पडायला शिकलो, एकत्र पिवळ्या पट्ट्याची परीक्षा दिली, एकमेकींची नखं कापलीत का ते तपासून मॅटवर उतरायचो. तिसऱ्या वर्षी मी 'इप्पोन सेओई नागे' या डावाच्या मागे लागले होते. आपल्याकडच्या कुस्तीतल्या धोबीपछाडीची ती सख्खी बहीण. वळून समोरच्याच्या पोटाखाली शिरायचं, त्याचा दंड आपल्या कोपराच्या खोबणीत घ्यायचा, आणि खांद्यावरून पुढे. उभ्या जोडीदारावर मला तो जमायचा. झुंजीत, समोरची हलत असताना, वर्षभरात एकदाही लागला नव्हता.

त्या दिवशी शेवटच्या तीन मिनिटांची झुंज चालू होती. दोघी दमलेल्या. तिने मला ढकललं, मी त्या ढकलण्याबरोबरच वळले आणि मला कळलं की आज मी आत शिरले आहे. तिचं सगळं वजन माझ्या पाठीवर होतं आणि ते वजन लागतच नव्हतं. वर्षभर ज्याची वाट पाहिली तो क्षण. तिचे पाय उचलले गेले. आणि मला इतका आनंद झाला की माझी डावी मूठ उघडली.

'फाट्' झालं नाही. काहीतरी जड, बोथट वाजलं. ती तिरपी होऊन डाव्या खांद्याच्या टोकावर आली होती. ती रडली नाही, ओरडली नाही. "हात लावू नकोस," एवढंच म्हणाली, आणि डावा हात उजव्या हाताने पोटाशी घट्ट धरून बसली. सरांनी दोन पट्टे घेऊन तिच्या हाताला झोळी बांधली. त्यांतला एक पट्टा माझा होता. एक्सरेत कॉलरबोन मधोमध मोडलेलं दिसलं. ऑपरेशन लागलं नाही, पण सहा आठवडे हात झोळीत आणि त्यापुढे कितीतरी दिवस वजन उचलायचं नाही.

पहिल्या आठवड्यात मी तिला मेसेजवर किती वेळा सॉरी लिहिलं ते मोजलं नाही. शेवटी तिचं उत्तर आलं, "सर काय म्हणतात सॉरीबद्दल?" मग मी लिहायचं थांबवलं आणि तिच्याकडे जायला लागले. तिला एका हाताने सगळं करता यायचं, फक्त केस बांधता येत नव्हते. केस लांब आणि दाट. म्हणून रोज सकाळी कामावर जाण्याआधी मी तिची वेणी घालून द्यायचे. पहिल्या दिवशी माझे हात थरथरत होते. ती म्हणाली, "घट्ट घाल, दिवसभर टिकली पाहिजे." तिच्यामागे उभी राहून तीन पेडांना ओढ देताना माझ्या लक्षात आलं की मी पुन्हा करंगळीनेच धरते आहे.

क्लासला मात्र जात नव्हते. त्या दिवसांत मी रात्री रात्री वाचत बसायचे, आणि वाचायचे ते नेमकं नको तेच. जपानमध्ये, ज्युदोच्या माहेरी, 1983 पासूनच्या जवळपास तीस वर्षांत शाळांमधल्या ज्युदोत शंभराहून अधिक मुलं गेली. बहुतेक डोक्याच्या दुखापतींनी. त्यांत बरीच नवशिकी, अजून नीट पडायलाही न शिकलेली. एका संशोधकाने हे आकडे एकत्र मांडेपर्यंत ते सुटे सुटे अपघात समजले जात होते. गेलेल्या आणि जायबंदी झालेल्या मुलांच्या आईवडिलांनी एकत्र येऊन विचारणा सुरू केली. 2022 मध्ये तिथल्या ज्युदो महासंघाने प्राथमिक शाळेतल्या मुलांची राष्ट्रीय स्पर्धा बंदच करून टाकली, मोठ्यांचा जिंकण्याचा हव्यास मुलांवर लादला जातो म्हणून. हे वाचून मी सुन्न झाले. 'सात दिवसांत स्वसंरक्षण' अशा पाट्या लावणाऱ्या क्लासबद्दल मला आधी नुसती नापसंती होती, आता मला त्यांची भीती वाटते. सात दिवसांत गाठीकडे बघायची सवयसुद्धा लागत नाही. आपल्या मुलाला अशा कुठल्याही क्लासला घालणाऱ्या प्रत्येक आईबापाला माझं सांगणं आहे, तिथे किती पदकं लटकली आहेत ते बघू नका, पहिल्या महिन्यात काय शिकवतात ते बघा, आणि पोरगं पडतं तेव्हा समोरच्याचा हात कुठे असतो ते बघा.

चौथ्या आठवड्यात सरांचा फोन आला. ते म्हणाले, "दमलेल्या माणसांना मी शेवटी झुंजीला सोडलं. त्यात माझी चूक आहे. ती मी सुधारली. तुझी तू कधी सुधारणार?" एवढंच.

मी गेले. आता शेवटचा अर्धा तास झुंज नव्हती. आणि माझ्यासोबत कुणी उके व्हावं असं मला विचारवत नव्हतं, तर काका स्वतःच पुढे आले. "माझ्यावर कर," म्हणाले. मी नको नको म्हणत होते. त्यांनी माझा डावा हात शोधून स्वतःच्या बाहीवर ठेवला. मी डाव घातला, ते पडले, नीट पडले. उठले. पुन्हा. पाचव्या-सहाव्या वेळी उठता उठता म्हणाले, "तुझी करंगळी सैल पडते."

"कधी?"

"माझे पाय सुटले की. आधी करंगळी, मग शेजारचं बोट. तुला वाटतं, झालं काम."

मला सात जणांनी समोरून पाहून जे सांगता आलं नव्हतं ते त्या माणसाने हवेत असताना बाहीतून ओळखलं होतं. झालं काम, असं मला वाटत होतं. मला जे हवं होतं ते समोरचीचे पाय उचलले जाताच संपत होतं. तिचं तर तिथून सुरू होत होतं.

त्यानंतर चार महिने मी तो एकच डाव केला. खिडकीच्या गजाला सायकलची जुनी ट्यूब बांधून घरी, आणि मॅटवर काकांबरोबर. फेकायचं आणि बाही धरून तीन अंक मोजायचे. काका पडल्या पडल्या मोजायचे, मोठ्याने. मॅटच्या दुसऱ्या टोकाला ती आठ वर्षांची मुलंही आता आमचं बघून 'एक, दोन, तीन' ओरडायला लागली होती.

ती परत आली तेव्हा साडेपाच महिने झाले होते. हाड जुळलं होतं, तिथे बोटाला लागेल एवढा उंचवटा राहिला आहे, तो कायमचा. पहिले काही दिवस ती नुसती पडत होती, गुडघ्यावरून, नव्या मुलांच्या रांगेत. मी तिच्या बाजूला जात नव्हते. एका संध्याकाळी सरांनी जोड्या लावायला सांगितलं तेव्हा ती सरळ चालत माझ्यासमोर येऊन उभी राहिली, वाकली, आणि माझी बाही धरली.

"सेओई," ती म्हणाली.

"दुसरा करू या ना."

"सेओई."

मी तिची बाही धरली. आधी करंगळी, मग अनामिका, मग बाकीची. कापड त्या जागी मऊ झालं होतं. मी तिला हळूच पुढे ओढलं, ती आली, नेहमीसारखी, अंग चोरून न घेता आली. मी वळले, खाली बसले, तिचं वजन पाठीवर आलं, आणि तिचे पाय सुटले. त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. मोकळा, कोरडा 'फाट्'. तिची नजर तिच्याच पट्ट्याच्या गाठीवर. माझा डावा हात माझ्या छातीपर्यंत ओढलेला आणि त्यात तिची बाही. कुणीतरी एक, दोन, तीन म्हणालं असेल, मला ऐकू आलं नाही.

ती खालून माझ्याकडे बघत होती.

"लागलं नाही," ती म्हणाली. मी मान हलवली.

थोड्या वेळाने ती पुन्हा म्हणाली, "अगं, सोड की आता."